सरकारी माल-पुरवठा : बाजाराची जबान आणि दफ्तराचा कागद

आपल्या समाजातील कापड व्यापारी, यंत्रमागधारक, शिंपी आणि इतर कारागीर यांच्यात सरकारी कामाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, सरकारी ठेका मिळाला की सात पिढ्यांची ददात मिटली. दुसरे म्हणतात, त्या भानगडीत पडूच नये, माल जातो आणि पैसा येत नाही. खरे पाहता दोन्ही मते अर्धवट आहेत. रुग्णालयांच्या चादरी, वसतिगृहांची ब्लँकेटे, शाळेचे गणवेश, शिपाई व चालक यांच्या वर्द्या हा माल सरकार दरवर्षी घेते आणि कोणाकडून तरी घेतच राहणार. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर येथे हा माल तयार करणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. मग नुकसान होते ते कशामुळे?

नुकसान मालाच्या खोटेपणामुळे क्वचितच होते. ते होते सवयीमुळे. आपला बाजार जबानीवर चालतो. फोनवर भाव ठरतो, ओळखीवर तागे उचलले जातात, आठ दिवस उशीर झाला तर "भाई, सांभाळून घ्या" म्हटले की भागते. सरकारी दफ्तर मात्र कागदावर चालते. तेथे समोर बसलेला अधिकारी कितीही भला असला तरी तो उद्या बदलून जातो, आणि फाइलीत जे लिहिलेले आहे तेवढेच उरते. बाजाराची सवय दफ्तरात नेणे हीच मूळ चूक आहे. बाकीच्या चुका तिच्यातूनच जन्मतात. त्या एकेक करून पाहू.

निविदा न वाचता दर भरणे

निविदेचे पहिले पान पाहून, नग किती आणि तारीख कोणती एवढे विचारून दर भरणारे पुष्कळ आहेत. निविदेतील खरी गोष्ट मागच्या पानांत असते. माल एकाच गोदामात द्यायचा की वीस तालुक्यांत पोचवायचा? वाहतूक आणि उतरवण्याची हमाली कोणाची? तपासणीचा खर्च कोणाचा? ठरलेल्या नगांत पुढे वाढ किंवा घट करण्याचा हक्क सरकारने किती टक्क्यांपर्यंत राखून ठेवला आहे? दर किती दिवस बांधील राहणार? यांपैकी एकेक गोष्ट आपला नफा खाऊन टाकू शकते.

शंका असेल तर ती दर भरण्यापूर्वी आणि लेखी विचारावी. त्यासाठी निविदेत मुदत दिलेली असते. निविदा निघाल्यानंतर शुद्धिपत्रकही निघते व त्यात तारखा आणि अटी बदलतात. म्हणून 'महाटेंडर्स' असो वा केंद्राचे २०१६ साली सुरू झालेले 'जेम' हे खरेदीचे ऑनलाइन दालन असो, शेवटच्या दिवसापर्यंत पाहत राहणे जरूर आहे.

माझ्यासारखे अनेक जण उर्दू माध्यमात शिकलेले आहेत. निविदेतील इंग्रजी आणि सरकारी मराठी पाहून ते बिचकतात आणि कागद एजंटाच्या हवाली करतात. वास्तविक अर्ज, मुदत, रक्कम, जामीन, वसुली, दस्तऐवज हे दफ्तरी मराठीतले शब्द आपल्या ओळखीचेच आहेत. जे समजत नाही ते कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावे, वकिलाला दोन पैसे देऊन विचारावे. पण न वाचता सही करू नये.

आपण व्यापारी आहोत की उत्पादक?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण सरकारी कामात त्यावर बरेच काही अवलंबून आहे. लहान उद्योगांना सरकारने ज्या सवलती दिल्या आहेत त्या माल तयार करणाऱ्यांना व सेवा देणाऱ्यांना आहेत. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. २०१८ साली तो २५ टक्के करण्यात आला आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी ठेवले गेले. या धोरणात ३५८ वस्तू केवळ लहान उद्योगांसाठी राखीव आहेत आणि बयाणा रकमेतून सूटही आहे. शिवाय लहान उत्पादकाचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो सर्वांत कमी दर मान्य करून त्याला ऑर्डरचा काही भाग मिळू शकतो.

यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती आधारवरून ऑनलाइन होते आणि सरकार तिच्यासाठी एक पैसाही घेत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादेनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तो सूक्ष्म उद्योग, आणि २५ कोटी व १०० कोटींपर्यंत लघु उद्योग ठरतो. आपल्यातील बहुतेक कारखाने यात बसतात.

येथे अनेकांची गफलत होते. जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळू लागली, परंतु ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. खरेदी धोरणाच्या सवलती आणि उशिरा पैसे मिळाल्यास असलेले कायदेशीर संरक्षण निव्वळ व्यापाऱ्याला त्या प्रमाणपत्रावर मिळत नाही. तेव्हा दुसऱ्याचा माल घेऊन सरकारला पुरवणाऱ्याने उद्यमचे प्रमाणपत्र हातात आहे म्हणून बयाणा भरला नाही, तर त्याची निविदा बाद होऊ शकते. आणि जो खरोखर माल तयार करतो त्याने नोंदणी ठेका घेण्यापूर्वीच करून ठेवावी. आधी ठेका घेऊन मागाहून नोंदणी करणाऱ्यांचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. आपण त्या वाटेला जाऊ नये.

दर काढताना राहून जाणारा खर्च

एक साधा हिशेब पाहू. समजा, आपण १०,००० चादरींची ऑर्डर नगाला २०० रुपये दराने घेतली. कर सोडून एकूण रक्कम झाली २० लाख. कापड, शिलाई, पॅकिंग आणि वाहतूक धरून नगाला १८४ रुपये खर्च येतो. म्हणजे १ लाख ६० हजार नफा दिसतो. आता माल सहा आठवडे उशिरा गेला. पुष्कळ निविदांत आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त १० टक्के विलंब दंड असतो. तीन टक्क्यांचा दंड झाला ६० हजार. त्यात शंभरात दोन चादरी नापास झाल्या आणि २०० चादरी पुन्हा करून द्याव्या लागल्या, तर आणखी ३६,८०० गेले. उरले ६३,२००. त्यातही बिल सहा महिने लटकले तर अठरा लाख चाळीस हजारांचे भांडवल एवढ्या नफ्यासाठी अडकून पडले. तेच भांडवल बाजारात फिरले असते तर काय मिळाले असते, याचा अंदाज प्रत्येक व्यापाऱ्याला आहे.

म्हणून दर काढताना मालाच्या खर्चाबरोबर वेळेचाही खर्च धरला पाहिजे. बँक गॅरंटीचे कमिशन, त्यासाठी अडकणारी मार्जिन रक्कम, तपासणीची फी, कारकुनाचे हेलपाटे हे सारे दरातच बसवावे लागते. ते बसत नसेल तर निविदा सोडून द्यावी. शेजारच्या दुकानदाराच्या ईर्षेने भरलेला दर त्याला पाडीत नाही, आपल्यालाच पाडतो.

सुताच्या भावाचा धोका तर आपल्याला माहीतच आहे. रुईची ३५६ किलोची खंडी मे २०२२ मध्ये एक लाख रुपयांच्या आसपास पोचली होती. वर्षभरापूर्वी तिचा भाव जवळपास निम्मा होता. ज्यांनी भाववाढीची अट नसलेला ठेका स्वस्त सुताच्या काळात घेतला आणि सूत उचलून ठेवले नाही, त्यांचे काय होणार हे सांगायला नको. निविदेत भाववाढीची अट आहे काय ते पाहावे. नसेल तर ऑर्डर हाती पडताच सुताचा किंवा ग्रे कापडाचा सौदा पक्का करावा.

कराचेही तसेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. पूर्वी १,००० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १२ टक्के होता. ज्याने गरम कोटांची ऑर्डर २,५०० रुपयांच्या वरच्या दराने, करासह, घेऊन ठेवली होती त्याच्या माथी सहा टक्के वाढले. म्हणून दर 'करासह' आहे की 'कर वेगळा', आणि कर बदलल्यास फरक कोण सोसणार, हे निविदेत पाहूनच आकडा लिहावा.

नमुना एक आणि माल दुसरा

बाजारात माल हातात घेऊन, चोळून पाहिला जातो. सरकारात तो प्रयोगशाळेत जातो. सुताचा काउंट, इंचाला ताणा-बाणा किती, दर चौरस मीटर वजन, पन्हा, धुतल्यावर आटण्याचे प्रमाण आणि रंगाचा पक्केपणा या सहा गोष्टी कागदावर लिहिलेल्या असतात. अनेक जण नमुना उत्तम देतात आणि माल करताना एखादा धागा कमी करतात, किंवा जादा कांजी देऊन वजन भरून काढतात. एक धुलाई झाली की ती लबाडी उघडी पडते. काही वेळा लबाडी नसते. प्रोसेस हाऊसमध्ये एका लॉटचा रंग फिका उतरतो एवढेच. पण तपासणीत दोन्हींना एकच शिक्का बसतो : नापास.

यावर उपाय एकच. मंजूर झालेल्या सीलबंद नमुन्याचा एक तुकडा सही-शिक्क्यासह आपल्याकडे ठेवावा आणि सारा माल रंगवण्यापूर्वी पहिल्याच लॉटची तपासणी स्वतः करून घ्यावी. वस्त्रोद्योग समितीच्या, म्हणजे टेक्स्टाइल्स कमिटीच्या, प्रयोगशाळा आहेत. मुंबईत घाटकोपरला 'बिट्रा' ही संशोधन संस्थाही आहे. तपासणीची फी दहा हजार नग परत येण्यापेक्षा निश्चितच स्वस्त पडते.

तोंडी शब्दावर विसंबणे

"साहेबांनी सांगितले, चालेल." या वाक्याने जितके व्यापारी बुडाले तितके मंदीने बुडाले नसतील. साहेबांनी फोनवर रंग बदलायला सांगितला, पाचशे नग जादा मागितले, पंधरा दिवस उशीर चालेल म्हणाले. बिल गेले तेव्हा साहेब बदलून गेलेले आणि हिशेब तपासणारा विचारतो, आदेश कुठे आहे? ऑर्डरपेक्षा जादा दिलेल्या मालाचे पैसे मागायला मग जागाच राहत नाही.

अधिकाऱ्यावर अविश्वास दाखवण्याची गरज नाही. त्याच दिवशी अदबीने एक पत्र किंवा ई-मेल पाठवावा : आज आपण असे सांगितले, कृपया लेखी आदेश द्यावा. तो येईपर्यंत मालाला हात लावू नये. मुदतवाढ हवी असेल तर ती मुदत संपण्यापूर्वी मागावी, कारण लिहावे आणि पुरावा जोडावा. पूर आला, वीज गेली, सरकारनेच गोदाम उघडले नाही, ही कारणे वेळेवर लिहिली तर ऐकली जातात. दंड कापून झाल्यावर लिहिली तर ती फक्त रडगाणे ठरतात.

आपले काम आणि आपली सही दुसऱ्याच्या हाती

ठेका स्वतःच्या नावावर घेऊन तो टक्केवारीवर दुसऱ्याला देण्याची पद्धत आहे. बहुतेक ठेक्यांत परवानगीशिवाय काम दुसऱ्याच्या नावे करण्यास मनाई असते. माल खराब निघाला तर नाव आपले जाते, जामीन रक्कम आपली जप्त होते. तसेच ऑनलाइन निविदेची डिजिटल सही एजंटाच्या खिशात ठेवणे म्हणजे कोऱ्या स्टॅम्पावर सही करून देण्यासारखे आहे. ती सही आणि तिचा पासवर्ड आपल्या तिजोरीतच राहिला पाहिजे.

आणखी दोन सवयींविषयी स्पष्ट बोलणे जरूर आहे. एकाच दुकानातून तीन लेटरहेडवर तीन कोटेशने देणे, किंवा चार जणांनी बसून दर आणि पाळी ठरवणे, याला आपल्याकडे 'समजूत' म्हणतात. कायद्यात ती निविदेतील संगनमताची फसवणूक आहे. आणि 'चहापाणी' देणाऱ्यालाही आता सुटका नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार सचोटीचा भंग केलेल्या पुरवठादाराला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येते. दुकान एकाचे, पण बदनामी मोहल्ल्याची होते, हेही लक्षात ठेवावे.

पैसे मागण्याची लाज

माल पोचला की आपले काम संपले, असे समजून कित्येक जण स्वस्थ बसतात. वास्तविक अर्धे काम तेथून सुरू होते. चलनावर माल स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख त्याच वेळी घ्यावी. ड्रायव्हरच्या हाती बिनतारखेची पावती येऊ देऊ नये. सारा पुढचा हिशेब त्या तारखेवरून चालतो.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असे धरले जाते. तेथून ठरलेल्या मुदतीत, आणि करारात काहीही लिहिलेले असले तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यावे लागतात. खरेदीदार सरकारी खाते असले तरी हा नियम लागू आहे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागते. वसुलीसाठी सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. २०१७ पासून तो ऑनलाइनही होतो. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

आपल्यातील काही जण व्याजाचे नाव निघताच मागे सरतात आणि अर्जच करीत नाहीत. त्या व्याजाचे काय करावे हे ज्याने त्याने जाणत्या आलिमांना विचारावे. पण त्यापायी मूळ रक्कम सोडून देण्याचे कारण नाही. आपल्या मालाची किंमत मागणे हा आपला हक्क आहे, त्यात लाज कसली?

आणखी एक रक्कम अनेकांची पडून राहते. ठेका अडीच लाखांहून मोठा असेल तर सरकारी खाते बिलातून जीएसटीचे २ टक्के कापून घेते. ते पैसे बुडत नाहीत, आपल्या जीएसटीच्या रोख खात्यात जमा होऊ शकतात. परंतु पोर्टलवर जाऊन ती कपात मान्य करावी लागते. वरच्या २० लाखांच्या उदाहरणात ही रक्कम ४० हजार होते. तसेच मुदत संपल्यावर जामीन रक्कम आणि बँक गॅरंटी परत मागण्याचे पत्र दिल्याशिवाय ती आपोआप येईल अशी आशा धरू नये.

विणकराचे पैसे कोणाच्या भरवशावर?

सरकारचे पैसे अडकले की ठेकेदार माग चालवणाऱ्याचे, शिंप्याचे आणि भरतकाम करणाऱ्या बायकांचे पैसे अडकवतो. "वरून आले की देतो," असे म्हणतो. हा कारागीर सरकारशी सौदा करीत नाही, आपल्याशी करतो. त्याची चूल सहा महिने थांबणार नाही. शिवाय २००६ चा जो कायदा आपल्याला सरकारकडून पैसे मागण्याचा हक्क देतो, तोच नोंदणीकृत कारागिराला आपल्याकडून मागण्याचा हक्क देतो. व्यापाऱ्याला त्या कायद्याचे संरक्षण नसले तरी त्याचे ओझे मात्र आहे.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. म्हणजे मार्चअखेर विणकरांची मुदत टळलेली देणी शिल्लक असतील तर न झालेल्या नफ्यावर कर भरण्याची पाळी येते.

म्हणून ठेका घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : सरकारचे पैसे सहा महिने आले नाहीत, तर मी माझ्या कारागिरांचे पैसे वेळेवर देऊ शकेन काय? उत्तर 'नाही' असेल तर ठेका आपल्या ताकदीबाहेरचा आहे. तेव्हा लहान ऑर्डर घ्यावी, किंवा दोघा-तिघा भरवशाच्या माणसांनी रीतसर लेखी भागीदारी करून मोठी घ्यावी.

एक फाइल, एक वही

शेवटी एक साधी सवय. प्रत्येक ठेक्याची वेगळी फाइल करावी. तीत निविदा व शुद्धिपत्रके, दराचे कागद, पुरवठ्याचा आदेश, नमुन्याची मंजुरी, तपासणीचे अहवाल, प्रत्येक चलन, प्रत्येक पत्राची पोच, बिले आणि कपातीचे दाखले तारखेप्रमाणे लावावेत. जोडीला एका वहीत चार तारखा ठळक लिहाव्यात : माल देण्याची मुदत, बँक गॅरंटी संपण्याची तारीख, माल पोचल्यानंतरचा पंधरावा दिवस आणि पंचेचाळिसावा दिवस. दर जुमेरातीला दुकान वाढवण्यापूर्वी ती वही एकदा उघडून पाहावी.

ज्यांनी अजून सरकारी काम केलेले नाही त्यांनी एखाद्या शाळेच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या छोट्या ऑर्डरपासून सुरुवात करावी. पहिल्या कामात नफा थोडा मिळाला तरी चालेल. फाइल कशी चालते आणि पैसे किती दिवसांत येतात हे त्यातून कळेल, आणि दुसऱ्या कामाचा दर त्या हिशेबाने भरता येईल.